विना टचिंग

माझा भाऊ अभिमन गेला त्याला आता वर्ष होत आलं. तो गेला तेव्हा चोपड्यातल्या फोटोग्राफर मंडळींनी शोकसभा घेतली. चांगलं केलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हार होता, उदबत्ती होती, सतरंजीवर मागच्या बाजूला मीही बसले होते. एकेक जण उठून बोलला. अभिमननानांसारखं टचिंग अख्ख्या खान्देशात कोणी केलं नाही, किती मुलींची लग्नं त्यांच्या हातानं जमली, वगैरे. शेवटी एक जण उठला. कालचा पोरगा, रंगीत लॅब टाकून बसलाय. तो म्हणाला, अहो, नानांनी एकदा आकाशातलं चक्र ब्रशनं काढलं होतं, इतकं हुबेहूब की धुळ्याचे परीक्षकसुद्धा फसले. लोक हसले. कौतुकानंच हसले. मी उठले आणि घरी आले. चहाला थांबले नाही.

ते चक्र ब्रशनं काढलेलं नव्हतं. कॅमेऱ्यानं काढलेला खरा फोटो होता तो, आणि काढताना काही वेळ दुर्बिणीचा स्क्रू माझ्या हातात होता. हे मी सांगितलं की लोक म्हणतात, भिकुबाई, भावावर माया आहे तुमची. माया कसली डोंबलाची. मला त्याचा राग आहे. तो मेला तरी गेला नाही माझा राग. आणि का आहे ते आज सांगून टाकते. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण तुम्हाला समजायला सोपं जावं म्हणून बहुतेक सरळ मराठीतच सांगेन.

आमचा स्टुडिओ बाजारपेठेत. खाली पुढची खोली फोटो काढायची, मागे अंधारखोली, वर आम्ही दोघं राहायचो. लग्नाच्या मुलीचा फोटो काढायचा तर अभिमनकडे, हे ठरलेलं. सावद्याहून यायचे, मुक्ताईनगरहून यायचे, धुळ्याहूनसुद्धा मुलीला घेऊन एसटीनं यायचे. मुलीला स्टुलावर बसवायचं, हातात प्लॅस्टिकची फुलं द्यायची, मान जरा वाकडी करायला सांगायची, झालं. खरं काम पुढे असायचं. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड द्यायचा, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलनं तो चेहरा भरत बसायचा. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गालावरचा खड्डा तिथं उजळ दिसतो. तो पेन्सिलनं बुजवला की कागदावर गाल सपाट येतो. सावळी मुलगी गव्हाळ व्हायची, गव्हाळ होती ती गोरी व्हायची. नाक बसकं असेल तर नाकावरून उजेडाची एक रेघ ओढायची. याला टचिंग म्हणतात. खोटेपणा कोणी म्हणत नसे. मुलीचा बापच जाताना हळूच म्हणायचा, नाना, जरा बघा हं. जरा बघा म्हणजे काय, ते भावाला बरोबर कळायचं.

त्याचं स्वतःचं लग्न झालं नाही. कोणी स्थळ आणलं की फोटो याच्याच हातचा निघायचा. खाली चेहरा कसा आहे ते याला पाठ. मी चिडवायची, "तुले बायको भेटाव नही, भाऊ. तू बठ्ठ्यास्ना खरा तोंडं दखेल शेतस." सगळ्यांची खरी तोंडं बघितलेला माणूस तो, नुसता हसायचा. पण लग्न न होण्याचं खरं कारण मी होते. परत आलेली बहीण घरात असल्यावर कोण मुलगी देणार?

मला लहानपणी देवी आल्या होत्या. वाचले, पण तोंडावर वण राहिले. कपाळावर, दोन्ही गालांवर, एक नाकाच्या शेंड्यावर. सदुसष्ट साली माझं लग्न ठरत होतं. मुलगा भाईदास, धुळ्याच्या बाजूचा, मिलिटरीत, पार तिकडे सरहद्दीवर. त्याचे आईवडील येऊन मला बघून गेले. माणसं व्यवहारी होती. घर चांगलं आहे, मुलगी कामाची आहे, वणांचं काय एवढं, म्हणाले. मुलाला सुट्टी नव्हती, त्याला फोटो पाठवायचा होता. फोटो कोण काढणार? घरातच होता फोटोग्राफर.

भावानं माझा फोटो काढला आणि तीन रात्री दिव्याखाली बसून माझं तोंड दुरुस्त केलं. मला दाखवला तेव्हा मी म्हटलं, ही कोण? तो म्हणाला, तूच. मी म्हटलं, नाही रे बाबा, ही मी नाही, हिला पाठवू नको. तर म्हणाला, सगळ्यांचं टचिंग करतो, सख्ख्या बहिणीचं करू नको का? त्याला वाटलं तो माझं भलंच करतोय. तिकडून होकार आला. भाईदास लग्नाच्या आदल्या दिवशी उतरला आणि सरळ मांडवात उभा राहिला. अंतरपाट खाली आला तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं मान वळवून आपल्या बापाकडे बघितलं. बस्स. पुढचं काय सांगायचं? रात्री अंगणात सगळ्यांसमोर भटजींनी त्याला बायकोला अरुंधती दाखवायला सांगितलं, तर त्यानं बोटसुद्धा वर केलं नाही. सुट्टी संपायच्या आत परत गेला. दिवाळीला सासऱ्यानं मला चोपड्याला आणून सोडलं. पुढे भाईदासनं दुसरी केली.

तेव्हापासून भावानं माझ्या तोंडाकडे बघणं सोडलं. खोटं नाही सांगत. बोलायचा, जेवायला वाढ म्हणायचा, आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसायचा, पण बोलताना त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर असायची. दिवसभर परक्या मुलींचे चेहरे भिंगातून बघणारा माणूस, बहिणीच्या चेहऱ्याकडे वीस वर्षं बघू शकला नाही. आणि कधी म्हणालाही नाही की भिकू, माझं चुकलं. मी वाट बघत होते हो. एकदा म्हणाला असता तर मी काय त्याला खाणार होते?

शहाऐंशी साली तो धूमकेतू आला. सगळीकडे त्याचंच चाललं होतं. लोक स्टुडिओत येऊन विचारायचे, नाना, त्याचा फोटो काढला का? यानं प्रयत्न केला, काही आलं नाही. पण डोक्यात किडा शिरला. जळगावला एका कॉलेजात दुर्बीण कशी बनवायची ते शिकवणारं शिबिर होतं, तिथं जाऊन आला. येताना दोन जाड काचा आणि पुड्यांमध्ये बांधलेली पांढरी-काळी पूड घेऊन आला. माडीवर रिकामं पिंप ठेवलं, त्यावर एक काच बसवली, आणि दुसरी तिच्यावर घासत पिंपाभोवती फिरायला लागला. घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायचं. महिनोन् महिने. खाली गिऱ्हाईक मुलीला घेऊन बसलंय आणि वरून हा घर्र घर्र. मी म्हणायची, घाण्याला जुंपलाय स्वतःला. शेवटी काचेला चांदी चढवली. चांदीचं मीठ फोटोवाल्याकडे असतंच, तेवढं एक काम त्याला अवघड गेलं नाही.

एका संध्याकाळी तो जेवताना म्हणाला, सप्तर्षींच्या शेपटीपाशी, मरीचीच्या जरा खाली, एक दीर्घिका आहे. म्हणजे आपल्यासारखं दुसरं अख्खं विश्वच, चक्रासारखं गोल फिरणारं. डोळ्याला नुसता डाग दिसतो, पण फिल्मवर तासभर उजेड साठवला तर चक्राचे फाटे उमटतात. मी म्हटलं, मग? तर ताटाकडे बघत म्हणाला, "भिकू, येक फोटो माले असा काढना शे, ज्याले मना हात लागेल नही."

मी घास हातात धरून बसले. मला कळलं तो कोणाशी बोलतोय ते. वीस वर्षांनी हा असा बोलला. संताप आला मला. माझी माफी मागायची तर माझ्याकडे बघून मागावी माणसानं, याला त्यासाठी आभाळ लागत होतं. पण त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मी एवढंच म्हटलं, काढ की मग, कोणी अडवलंय.

गावात दिव्यांचा उजेड फार. म्हणून आमचा मामेभाऊ वना, त्याच्या शेतातलं खळं पसंत केलं. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्याहून एक गाव पलीकडे. मळणीयंत्र आल्यापासून ते खळं ओसच पडलं होतं. मध्ये बैल फिरवायला रोवलेला मेढीचा खांब तेवढा उभा होता, बाभळीचा, कमरेएवढा, हत्ती बांधला तरी हलणार नाही असा. भावानं त्याचं डोकं ध्रुवाकडे तिरपं तासून घेतलं आणि दुर्बीण त्यावर बसवली. वना म्हणाला, वडील असते तर तुला त्या खांबालाच बांधला असता.

आकाश फिरतं, तर दुर्बीणही तशीच फिरवावी लागते, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. मोटार वगैरे काही नव्हतं. मोठ्या दुर्बिणीला कॅमेरा लावलेला, शेजारी दुसरी लहान दुर्बीण, तिच्यात दोन धाग्यांची फुली. त्या फुलीवर एक तारा धरून ठेवायचा आणि बोटानं स्क्रू जरा जरा फिरवत राहायचा. तासभर. खोकायचं नाही, हलायचं नाही. फुलीसाठी आधी माझा केस घेतला होता, तो जाड पडला, मग कोळ्याच्या जाळ्यातला धागा लावला. सत्याऐंशीचा उन्हाळा असाच वाया गेला. एकदा वारा सुटला, एकदा ट्रॅक्टरचा दिवा पडला, एकदा सगळं नीट झालं तर फिल्मच कॅमेऱ्यात अडकली नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात, जेवणं उरकून आम्ही पुन्हा खळ्यावर गेलो. वारा पडला होता. सप्तर्षी सातपुड्यावर उंच चढले होते. भावानं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, डोळा लावला आणि गप्प झाला. मी बाजूला घड्याळ घेऊन बसले. अर्धा तास झाला असेल, त्याच्या डोळ्याला पाणी यायला लागलं. दिव्याखाली पेन्सिल चालवून चालवून डोळे कामातून गेलेले. तो कुजबुजला, भिकू, ये, धर. मी म्हटलं, मला काय कळतंय? म्हणाला, तारा फुलीवरून घसरायला लागला की स्क्रू उजवीकडे, बाकी काही नाही. मी डोळा लावला. काळ्या पाण्यात ठेवल्यासारखा एक तारा आणि त्यावर फुली. तो सरकायचा, मी आणायची. तो सरकायचा, मी आणायची. किती वेळ गेला मला कळलं नाही. पाठ मोडून आली तरी सोडवेना. आयुष्यात माझ्यावर कोणी एवढं मोठं काम सोपवलं नव्हतं. मग भावानं डोळे पुसून पुन्हा स्क्रू घेतला.

दुसऱ्या दिवशी तो अंधारखोलीतून ओली निगेटिव्ह धरून बाहेर आला. ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. मला म्हणाला, थांब. मोठा फोटो करायला दुपार गेली. तो कागद रसायनात हलवत होता आणि मी लाल दिव्यात बघत होते. आधी कागद काळवंडला आणि त्यात तारे पांढरे राहिले, मीठ सांडल्यासारखे. मग मधोमध एक ठिपका. मग त्या ठिपक्यातून दोन फाटे निघाले आणि गोल वळत गेले. ताकातून रवी काढल्यावर ताक कसं फिरत राहतं, तसं. आणि एका फाट्याच्या टोकाला दुसरा छोटा गोळा लटकलेला. तो म्हणाला, हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. मी म्हटलं, बरं आहे, त्याला कोणाचा फोटो बघून यायचं नव्हतं. भाऊ मोठ्यानं हसला. फार वर्षांनी तसा हसला. मलाही आनंद झाला, का नाही म्हणू?

त्या फोटोवर धुळीचे बारीक पांढरे डाग होते, प्रत्येक फोटोवर असतात. एरवी ब्रश घेऊन तो मिनिटात बुजवायचा. ह्याचे नाही बुजवले. मी म्हटलं, एवढे तरी काढ. नाही म्हणाला. एकही नाही. आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, विना टचिंग.

पुढच्या हिवाळ्यात धुळ्याला एका मंडळानं फोटोंचं प्रदर्शन भरवलं. जिल्ह्याजिल्ह्यातून फोटो आले होते, नाशिकचे एक म्हातारे परीक्षक येणार होते. भावानं फोटो पाठवला आणि त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बक्षिसाचं त्याला काही नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की जाणत्या माणसानं चार लोकांसमोर म्हणावं, हा फोटो खरा आहे. मलाही चल म्हणाला. नवं लुगडं आणलं माझ्यासाठी, जांभळं. मी म्हटलं, धुळ्याला मी येत नाही, तिथं भाईदासची माणसं आहेत. तर भिंतीकडे बघत म्हणाला, तू नसलीस तर मला नाही जायचं. गेले.

हॉलमध्ये गर्दी होती. नदीवरच्या म्हशी, धुक्यातली झाडं, हसणारी पोरं, असे फोटो, आणि मध्येच आमचं काळं आभाळ. लोक थांबत होते, बोट दाखवत होते. भाऊ खांबाआड उभा राहून ऐकत होता, लग्नात मुलीचा बाप उभा राहतो तसा. तेवढ्यात मला सुकदेव दिसला. भाईदासचा धाकटा भाऊ, माझा दीर म्हणायचा. शाळेचा हेडमास्तर झाला होता आणि त्या मंडळात होता. त्यानं मला ओळखलं. न ओळखायला काय झालं, माझं तोंड कोण विसरतं?

परीक्षक आमच्या फोटोपाशी आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हे कोणाचं? भाऊ पुढे झाला. परीक्षक म्हणाले, चोपड्यात बसून? घरच्या दुर्बिणीनं? भाऊ हो म्हणाला. आजूबाजूला माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, अहो हे तर टचिंगवाले अभिमननाना. आणि मग सगळ्यांची तोंडं बदलली. इतका वेळ तोंडात बोट घालून बघणारी माणसं डोळे मिचकावायला लागली. नाना, मस्त काढलंय बरं का. एकजण त्या लटकलेल्या गोळ्यावर बोट ठेवून म्हणाला, इथं जरा ब्रश घसरला वाटतं.

भावाला हे अपेक्षित होतं. त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि परीक्षकांच्या हातात निगेटिव्ह दिली. म्हणाला, साहेब, ही बघा. दाण्याएवढी जागा आहे. एवढ्याशा जागेत पेन्सिल चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. भिंगातून दिसेल. म्हाताऱ्यानं मान हलवली. बरोबर बोलताय, म्हणाले. माणूस सरळ होता. त्यांनी खिशातून भिंग काढलं, खिडकीकडे वळले. मी मनात म्हटलं, झालं. आता होणार.

तेवढ्यात सुकदेव बोलला. आवाज हेडमास्तरचा, सगळ्या हॉलला ऐकू जाणारा. म्हणाला, "साहेब, निगेटिव्ह काय बघता? निगेटिव्हवर खोटं करणं हाच ह्यांचा धंदा. आमच्या घरानं भोगलंय ते. भावाला फोटो पाठवला तो आरशासारख्या चेहऱ्याचा, आणि मांडवात आणून उभी केली ती कोण, बघायची आहे? ती बघा, त्या दारापाशी उभी आहे. जांभळं लुगडं."

हॉल वळला. सगळे. परीक्षकांचं भिंग हातात तसंच राहिलं, तेही वळले. एका बाईनं चष्मा लावला. दोन पोरी पुढे आल्या, जवळून बघायला. कोणीतरी हळूच विचारलं, हीच का?

सुकदेवलाही दोष देत नाही मी. बायको टाकली म्हणून त्यांच्या घरालाही गावानं शिव्या घातल्या होत्या, त्याच्या बहिणींची लग्नं अडली होती. त्याचंही काही साठलेलं होतं. आणि मी? मी तोंडावर पदर ओढला नाही. ताठ उभी राहिले. बघा म्हटलं मनात, बघून घ्या पोटभर, आणि मग ते भिंग निगेटिव्हवर ठेवा. मोठ्यानं म्हटलंसुद्धा, "मी होते तिथं. तारा मी धरला होता फुलीवर. फोटो खरा आहे." सुकदेव म्हणाला, तू तेच म्हणणार.

मला सोसत होतं हो. देवाशपथ सोसत होतं. आणखी मिनिटभर सोसलं असतं. तेवढाच वेळ लागणार होता त्या म्हाताऱ्याला.

भावाला नाही सोसलं. तो झपकन पुढे गेला, परीक्षकांच्या हातातून निगेटिव्ह काढून घेतली, आणि म्हणाला, "राहू द्या साहेब. खरं बोलतात ते. हातानं काढलेलं आहे. ब्रशनं. माझंच काम आहे. तिकडे बघू नका, इकडे बघा, मी सांगतो कसं केलं ते." आणि तो सांगायला लागला. काळा रंग कसा दिला, पांढरा कसा उडवला, फाटे कसे वळवले. इतकं बारकाईनं सांगत होता की मला क्षणभर वाटलं, मी खळ्यावर होते ते स्वप्नच की काय. आणि लोक वळले त्याच्याकडे. माझ्याकडची सगळी डोकी एकेक करून वळली. कोणी म्हणालं, कमाल आहे नानांची. कोणी टाळी वाजवली. परीक्षकांनी भिंग खिशात घातलं, मान खाली घातली आणि म्हशींच्या फोटोकडे गेले.

मी गर्दीत घुसले. खोटं बोलतोय तो, म्हटलं. आता खोटं बोलतोय. लोकांनी वाट करून दिली मला, आजारी माणसाला देतात तशी. कोणी ऐकलं नाही. भावानं खिळ्यावरून फोटो उतरवला, गुंडाळी केली, आणि माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

अमळनेरमार्गे येणारी संध्याकाळची गाडी होती. जागा मिळाली. तो खिडकीशी बसला, मी त्याच्या शेजारी. धुळं मागे पडेपर्यंत मी त्याच्या मांडीवरच्या गुंडाळीकडे बघत होते. मग विचारलं, का केलंस?

तो म्हणाला, "बठ्ठा तुनाकडे दखी ऱ्हायंतात, भिकू."

मी म्हटलं, "तर काय झालं? सगळं जग बघतंय माझ्याकडे, मला सवय आहे. म्हातारा आणखी एक मिनिट बघणार होता आणि तुझा फोटो खरा ठरणार होता. माझ्यासाठी एकदा खोटं केलंस, तेव्हा माझा संसार गेला. आज पुन्हा माझ्यासाठीच खोटं केलंस. मी सांगितलं होतं? एकदा तरी विचारलंस मला? अरे, माझ्या तोंडाची लाज मला नाही. तुलाच आहे. त्या हॉलात माझ्याकडे न बघणारा माणूस एकच होता."

माझा आवाज चढला होता. पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघायला लागली. भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. मी त्याच्या हनुवटीला धरलं, लहान पोराला धरतात तसं, आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. बघ म्हटलं. आता तरी बघ.

त्यानं डोळे मिटून घेतले.